रब्बीपूर्व मशागत : इंधनाचा आणि ओलीचा जमाखर्च

आश्विनाचे ऊन तापू लागले, सोयाबीनची मळणी आटोपून काड बांधाला लागले, की मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या काळ्या रानांतून नांगरटीची लगबग सुरू होते. आणि ज्या जमिनीने चार महिन्यांचा पाऊस आपल्या पोटात जपून ठेवलेला असतो, ती चार दिवसांच्या आत उलथीपालथी होऊन, ओली ढेकळे वर टाकून, उन्हाच्या स्वाधीन केली जाते. रब्बीसाठी रान तयार करावयाचे म्हणजे नांगरावयाचे, हा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. परंतु सोयाबीन, मूग किंवा उडीद यांच्या मागे हरभरा घ्यावयाचा असेल, तर काही मोजके अपवाद वगळता ही नांगरट यंदा करूच नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण तिच्यात डिझेल तर खर्ची पडतेच, पण ज्या ओलीच्या भरवशावर पुढचे पीक उभे राहावयाचे, ती ओलही त्याच खर्चाखाली निघून जाते.

प्रथम इंधनाचा तपशील पाहू. एक एकर रान वीस सेंटिमीटर खोल नांगरले, म्हणजे सुमारे 800 घनमीटर माती जागची हलली; तिचे वजन 1,000 टनांहून अधिक भरते. एवढा भार फोडून, उचलून पालथा घालण्याचे काम टाकीतल्या डिझेलला करावे लागते, आणि चिकण काळ्या मातीत फाळ जसजसा खोल जातो, तसतशी ओढ झपाट्याने वाढत जाते. बरे, एवढ्याने भागते असेही नाही. सोयाबीन निघाल्यावर वरची माती आवळून आलेली असते, नांगराने तिची मोठमोठी ढेकळे निघतात, आणि मग ती फोडण्यासाठी रोटाव्हेटरच्या एकदोन पाळ्या द्याव्या लागतात. जी ढेकळे आपणच निर्माण केली, ती मोडण्यासाठी पुन्हा भाडे मोजावयाचे, हा व्यवहार कोणत्याही जाणत्या खातेदाराला पटण्याजोगा नाही. पंजाब-हरियाणात भातामागून गहू पेरताना ज्यांनी नांगरट सोडली, त्यांचे हेक्टरी सुमारे 50 लिटर डिझेल वाचल्याचा अनुभव आहे; आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे 2.7 किलो कर्बवायू हवेत जातो, हेही ध्यानात घ्यावे.

शेतीत खर्ची पडणारी ऊर्जा केवळ टाकीत दिसते तेवढीच नसते. युरियाची 45 किलोची गोणी तयार करण्यास कारखान्यात जी ऊर्जा लागते, ती साधारणतः 25 ते 30 लिटर डिझेलच्या ऊर्जेइतकी भरते; म्हणजे जी गोणी आपण सहज खांद्यावर टाकून बांधापर्यंत नेतो, तिच्यात एका एकराच्या नांगरटीहून पुष्कळच अधिक इंधन दडलेले असते. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतःच घेतात. पेरणीबरोबर हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद मिळावे म्हणून 125 किलो डीएपी दिले असता या पिकाची नत्राची गरज बहुतांशी भागते. पीक पिवळट दिसले की वरून युरिया फेकण्याची जी चाल पडली आहे, तिने पीक शाखीय वाढीला लागते आणि फुलोरा लांबतो. त्याऐवजी पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम चोळण्याची तजवीज करावी; त्याआधी मर रोगाच्या बंदोबस्तासाठी किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा लावावा.

आता ओलीकडे वळू, कारण जिराईत शेतकऱ्याची खरी शिल्लक तीच आहे. सोयाबीन काढल्याबरोबर रानात दोनचार ठिकाणी वीतभर खोल माती उकरून ती मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकून राहिला आणि अंगठ्याने दाबताच मोडला, तर हरभऱ्याच्या उगवणीपुरती ओल आहे असे समजावे. त्याच रानाच्या नांगरलेल्या पट्ट्यातले ढेकूळ दुसऱ्या दिवशी दुपारी फोडून पाहिले, तर त्याचे अंग करडे पडलेले आणि आत केवळ मध्याशी ओलीची खूण राहिलेली दिसते. मात्र येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. काळी जमीन वाळू लागली की भेगाळते, आणि त्या भेगांतून खालच्या थरातील ओलही उडून जाते. म्हणून नांगर सोडावा याचा अर्थ जमिनीस लोखंडच लावू नये असा नव्हे. उथळ कोळपणीने वरचा दोन बोटे थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालची ओल अडून राहते. रब्बी ज्वारीत तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने पाळी देण्याची जी शिफारस आहे, ती याच कारणाने. ओल राखणारी मशागत ही अशी उथळ असते. बैलजोडी असो वा लहान ट्रॅक्टर, तिला शक्तीही अल्पच लागते.

हे नवे शास्त्र म्हणून आपल्यावर लादलेले आहे, असे कोणी समजू नये. भंडारा-गोंदियाकडील शेतकरी उभ्या धानात, कापणीच्या आधी, बांधीतील ओलीवर लाखोळी फेकत आले आहेत, आणि नांगराचा स्पर्शही न होता ती पिकत आली आहे. रायगड जिल्ह्यात भातानंतरच्या अंगओलीवर वाल घेण्याचा रिवाज आहे. त्याच जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी जे सगुणा भात तंत्र रुजविले, त्यात चिखलणी व लावणी दोन्ही वगळून गादीवाफे कायम ठेवतात, आणि कापणीनंतर भाताची मुळे जागच्या जागी कुजू देतात. कुजलेल्या मुळांच्या वाटा जमिनीत जशाच्या तशा राहिल्या म्हणजे पुढच्या पिकाच्या मुळांना आणि पावसाच्या पाण्याला त्याच वाटेने खाली उतरता येते. नांगर फिरला की त्या मोडतात.

प्रत्यक्ष पेरणीचे म्हणाल तर, मळणी रानातच केली असेल तर काड एका जागी साचू न देता सारखे पसरावे, नाहीतर पेरणी यंत्राच्या दात्यांत ते गुंतून बी उघडे पडते. तण उगवलेले असेल तर वखराची एक हलकी पाळी पुरे. जिराईत हरभऱ्याची पेरणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी, आणि बी ओलीत पडेल अशा बेताने सातआठ सेंटिमीटर खोल सोडावे. शून्य मशागतीचे पेरणी यंत्र भाड्याने मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास तिफणीनेही हे काम साधते, मात्र फण धारदार हवा.

अपवादांविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. ज्या रानात हरळी, कुंदा किंवा लव्हाळ्याने ठाण मांडले आहे, तेथे उन्हाळ्यात एक खोल नांगरट करून काश्या वेचल्यावाचून गत्यंतर नाही. वर्षानुवर्षे अवजड यंत्रांखाली दबून खाली कठीण थर बनला असेल, तर तो सबसॉयलरने एकदा फोडून घ्यावा. हुमणीने पोखरलेल्या रानातही उन्हाळी नांगरट उपयोगी पडते. पण ही सर्व कामे उन्हाळ्याची आहेत. रब्बीच्या तोंडावर ती काढू नयेत.

ज्यांना ट्रॅक्टर चालवावाच लागेल त्यांनी फाळाला धार लावून घ्यावी, एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, हलक्या कामास वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवावी, आणि तास नेहमी रानाच्या लांबीच्या बाजूने काढावे, म्हणजे वळणात जाणारे डिझेल वाचते.

ज्यांचे मन अद्याप कचरत असेल, त्यांनी यंदा सगळे रान पणाला लावू नये. एकाच वाणाचे बियाणे, एकच खत आणि एकच पेरणीची तारीख ठेवून एक एकर नांगरून व त्यालगतचा दुसरा एकर न नांगरता पेरावा. दोन्हींकडील डिझेल, भाडे आणि मजुरी वेगवेगळ्या पानांवर लिहून ठेवावी. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पट्ट्यांत वीतभर खोल माती उकरून ओल ताडून पाहावी, आणि माघात मळणी होईल तेव्हा दोन्हींचे धान्य एकत्र न करता वेगळे मोजावे.