परतणारे विमान

रब्बीची पिके निघाली, की सेनगाव परिसरातील मोकळे रान रेडिओ-नियंत्रित विमानाच्या पहिल्या धड्यास योग्य ठरते. नवशिक्यास आम्ही पाठीवर पंख असलेले संथ विमान देतो. ते कलले तरी बरेचसे आपोआप सावरते. आधी उंची, मग वळण. कारण उंची म्हणजे चूक सुधारण्याचा अवधी. विमान आपल्याकडे परतताना डावे-उजवे उलटते आणि मूल गोंधळते. तेव्हा एकच सूत्र सांगावे : जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, जणू त्याला आधार द्यावा. दोन्ही नियंत्रक जोडलेले असल्याने शिक्षकाने कळ सोडताच ताबा त्याच्याकडे येतो. परंतु उंची शिल्लक असेतो ती सोडू नये. सावरण्याची संधी हिरावलेले मूल विमान पाहते. उडवण्यास शिकत नाही.