घरगुती उपाय आणि त्याचे माप

प्रस्तावना

लहान मुलाचे पोट दुखू लागले, की घरातील मोठी माणसे दवाखान्याआधी स्वयंपाकघराकडे वळतात. मूल वेळेवर चालले-बोलले नाही, तरी प्रथम घरचाच उपाय सुचवला जातो. यांतील कोणता उपाय घरात ठेवावा आणि कोणता सोडावा, याचा विचार या पाठात केला आहे. पाठातील मुख्य उदाहरणे कोलकाता शहर व त्याच्या परिसरातील आहेत.

मूळ पाठ

महाराष्ट्रातील अनेक घरांत तान्ह्या बाळासाठी एक लहानशी सहाण वेगळी ठेवलेली असे. हिरडा, मुरडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, वेखंड अशी एकेक वस्तू घेऊन आजी ती सहाणेवर उगाळीत असे आणि प्रत्येकीचे वळसे मोजीत असे. मुरडशेंगेचे वळसे थोडे अधिक चालत. जायफळाचा एखादाच, कारण जायफळाने बाळ गुंगते हे तिला ठाऊक होते. वळसा हे तिचे माप होते. या बाळघुटीतील वेखंडाला आणखी एक काम दिलेले असे. मूल बोलायला उशीर करू लागले, की तेच वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावीत. संस्कृतात वेखंडाला वचा म्हणतात आणि त्याचा संबंध वाचेशी जोडला जातो. पोटाची तक्रार आणि वाढीतील अडचण यांवर घरात एकच औषध होते.

या दोन तक्रारींत मात्र मोठे अंतर आहे. तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर आपोआप कमी होते. त्या काळात जो उपाय चालू असेल, त्याला यश मिळते. न बोलण्याचे तसे नसते. मूल बोलत नाही याचे कारण पुष्कळदा त्याला नीट ऐकू येत नाही हे असते, आणि ते कानांच्या तपासणीनेच कळते. वेखंडाची वाट पाहण्यात गेलेले वर्ष हे भाषा शिकण्याच्या वयातील वर्ष असते. मधाविषयीही आज निश्चित माहिती आहे. मधातील विशिष्ट जंतूंमुळे एक वर्षाखालील बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून त्या वयात मध देऊ नये.

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस बेहाला ही दाट वस्ती आहे. शहरातून डायमंड हार्बर रस्त्याने बेहालाकडे निघाले, की वाटेत तारातला लागते. येथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या संस्थेचे केंद्र आहे. १९७४ साली ही संस्था 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ ईस्टर्न इंडिया' या नावाने सुरू झाली. मुंबईत अशाच मुलांसाठी त्याआधी दोन वर्षे, १९७२ मध्ये, संस्था निघाली होती. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा सुटणे. लोक फक्त मुलाचे हातपाय पाहतात. पण जीभ, घसा आणि आतडे यांचे कामही स्नायूंवरच चालते. त्यामुळे गिळताना ठसका लागणे, खाल्लेले वर येणे आणि मलावरोध या तक्रारी या मुलांत फार आढळतात.

येथे घरच्या उपायाचा खरा कस लागतो. मलावरोधासाठी एरंडेल पाजण्याची पद्धत जुनी आहे. धडधाकट मूल ते तोंड वाकडे करून गिळते. गिळण्याची अडचण असलेल्या मुलाच्या घशातून मात्र तेल श्वासनलिकेत उतरू शकते, आणि तेलकट पदार्थाने पुष्कळदा खोकलाही उठत नाही. म्हणून आईला काही कळतही नाही. नंतर होणारा फुफ्फुसाचा दाह लवकर बरा होत नाही. मुलाला आडवे ठेवून भरवण्यातही हाच धोका असतो. याउलट मुलाला सरळ बसवून, मान मागे न झुकवता, मऊ व दाटसर पेज किंवा खिचडी लहान चमच्याने सावकाश भरवणे, हाही घरातलाच उपाय आहे. तो आई-वडिलांनीच दिवसातून चार वेळा करायचा असतो. मात्र त्या मुलासाठी बसण्याची रीत आणि अन्नाचा दाटपणा कोणता, हे जाणकाराने एकदा पाहून ठरवावे लागते.

घरगुती वस्तूंनी जग बदलल्याची हकिकतही याच शहराची आहे. १९५३ साली डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने पाजले. जुलाबासाठी पानओव्याच्या पानांचा रसही दिला. १८६ रुग्णांवरील हा अनुभव 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तरीही वैद्यकविश्वाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्णांनी किती पाणी गमावले व किती प्याले याचे मोजमाप नव्हते. उपाय खरा होता. पुरावा अपुरा होता.

पुढे अठरा वर्षांनी, १९७१ मध्ये, पूर्व बंगालमधील लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले, तेव्हा सोळा खाटांच्या रुग्णालयात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिरेतून देण्याचे सलाईन संपत चालले होते. त्यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले. ही मिश्रणे कोलकात्यात वजन करून पिशव्यांत भरली गेली. छावणीत ती पिंपात कालवली आणि रुग्णाला पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. ज्यांना आपण वैद्यकातले काही कळत नाही असे समजतो, त्या आया आणि बहिणी तेथे परिचारिका झाल्या. महालनबीस २०२२ मध्ये वारले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाले.

मीठ आणि साखर एकत्र का, हा प्रश्न साहजिक आहे. जुलाबात आतडे नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरेसे शोषत नाही. परंतु ग्लुकोज सोबत असले, की ते मीठ आत ओढते आणि मिठामागे पाणी जाते. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे. आज पुड्यांतील सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेले आहे. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळावी. ती पेलाभर पाण्यात कालवली, तर रक्तात मीठ वाढून बाळाला झटके येऊ शकतात. पुडी न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची रूढी चुकीची आहे. शौचातून रक्त जाणे, डोळे खोल जाणे, लघवी न होणे, पाणी पिता न येणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. बाजारातील गोड पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये बंदी केली, तीही प्रमाणाच्याच कारणाने.

माप आणि घटक न कळता दिलेल्या औषधाचा इतिहास वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना बाळगोळी देऊन जात. मूल शांत झोपे, कारण गोळीत अफू असे. त्या आईला दोष देणे सोपे आहे. पण दहा तास मूल सांभाळायला घरी कोणीच नव्हते, हेही पाहिले पाहिजे. पुढे याच नावाच्या, पोटदुखीसाठीच्या आशियाई गोळ्यांत शिसे सापडल्याची नोंद अमेरिकेतील आरोग्ययंत्रणेने केली. शिसे वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. पोटासाठी दिलेले औषध मुलाच्या बुद्धीवर उठावे, याहून दुर्दैव कोणते?

स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या बाबतीत पालकांची परीक्षा सर्वांत कठीण असते. या मुलांत पोटाच्या तक्रारी अधिक आढळतात. त्यामुळे पोट सुधारले की मूल सुधारेल, अशी आशा वाटते. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाची अशीच चर्चा झाली. १९९९ मध्ये अमेरिकेत साठ मुलांवर परीक्षा घेतली गेली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय दिले, हे पालकांना सांगितले नाही. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारलेली दिसली. निकाल कळल्यावरही बहुसंख्य पालकांना ते औषध हवेच होते. गहू आणि दूध बंद करण्याने स्वमग्नता जाते, असाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूध तोडले, तर त्याचा कॅल्शियमचा मोठा आधार मात्र जातो. काही ठिकाणी तर मुलांना विरंजक रसायने पाजली गेली आहेत. तो उपाय नव्हे, विषप्रयोग आहे.

तरीही पालकांचे निरीक्षण निरुपयोगी ठरत नाही. न बोलणारे मूल अचानक हात चावू लागते, पोट टेबलाच्या कडेवर दाबते, रात्री उठून बसते. पाहुण्याला तो हट्ट वाटतो. आईच्या वहीत मात्र तारखांसह लिहिलेले असते, की चार दिवस शौच झालेले नाही. ही वही घेऊन ती डॉक्टरांकडे जाते, आणि घरी काय काय देऊन पाहिले तेही न लपवता सांगते. मुलाला सांगता न येणारे दुखणे त्या दिवशी प्रथमच तपासले जाते.

विचार करा व लिहा

चटर्जींच्या अनुभवाकडे दुर्लक्ष का झाले आणि बनगावात वेगळे काय घडले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा. तुमच्या घरात मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका उपायाचे घटक व माप घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. 'वळसा', 'चिमूट', 'पसा' यांसारखी मापाची आणखी चार मराठी नावे शोधा.