मदुराईतील तमिळचा विद्यार्थी

तमिळ शिकण्यासाठी मदुराईस येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची पहिली अडचण व्याकरणाची नसते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे तमिळ वर्ग या शहरात भरतात. तेथे येणारा विद्यार्थी पुष्कळदा मायदेशी वर्ष-दोन वर्षे पुस्तकी तमिळ शिकलेला असतो. बाजारात उतरताच त्याच्या ध्यानात येते की, आपण शिकलो ती भाषा येथे कोणी बोलतच नाही. पुस्तकातील 'इरण्डु' म्हणजे दोन; फळवाली म्हणते 'रेण्डु'. पुस्तकातील 'ओन्ड्रु' म्हणजे एक. तोंडी ते 'ओण्णु' होते. 'वरुकिरेन' (मी येतो) या लांबलचक रूपाचे नुसते 'वरेन' उरते.

चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली अशा स्थितीचे विवेचन केले. एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे नांदतात. एक लेखनासाठी व व्याख्यानासाठी राखलेले, दुसरे घरातले. प्रमाण आणि बोली हा भेद मराठीतही आहे, परंतु प्रमाण मराठी किंवा तिच्या अगदी जवळची भाषा बोलणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. लेखी तमिळ ही मात्र कोणाच्याही घरची बोली नव्हे. त्यामुळे भाजीचा भाव ग्रंथभाषेत विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर बहुधा इंग्रजीत मिळते. त्यामागे सौजन्यच असते; पण ज्यासाठी तो इतक्या दूर आला, ते त्या सौजन्यापायी हातचे जाते.

मग बोली शिकावी, तर कोणाची? बोलीवरून बोलणाऱ्याचा जिल्हा आणि कित्येकदा जातही ओळखू येते. विद्यार्थी ज्या घरी राहतो त्या घराची छाप त्याच्या जिभेवर उमटते, आणि ती छाप कशाची आहे हे त्याला स्वतःला उमगत नाही. शिक्षकाने येथे फार सावध असले पाहिजे.

निरोपाचे एक उदाहरण घेऊ. 'पोरेन' म्हणजे 'जातो'. व्याकरणाने शुद्ध, पण उंबरठ्यावर हा शब्द अशुभ. तेथे 'पोयिट्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो', असे म्हणावयाचे. 'येतो' म्हणून निघणाऱ्या मराठी माणसास हे समजावून सांगावे लागत नाही.

'आम्ही' आणि 'आपण' यांचेही तसेच. तमिळमध्ये ऐकणाऱ्याला धरून 'नाम', त्याला वगळून 'नांग'. इंग्रजीत दोहोंना शब्द एकच. घरमालकीण 'नांग कोयिलुक्कु पोरोम' म्हणाली, तर ती मंडळी देवळात निघाली आहेत एवढेच तिने कळविले. विद्यार्थी मात्र आमंत्रण समजून चपला घालतो! 'नाम पोलामा?' असा प्रश्न कानी पडला, तरच त्याने उठावे.

देवळाच्या वाटेवर मोगऱ्याचे गजरे 'मुळम'वर विकतात. मुळम म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजेच आपला हात. माप फूलवालीच्या हाताचे, गिऱ्हाइकाच्या नव्हे. तिला 'अक्का' म्हणून हाक मारावी आणि 'रेण्डु मुळम' मागावे. येथे 'इरण्डु' मुळीच नको.