अंदमानची बॅग भरताना

बायो, तारकर्लीचा डायव्हिंगचा कोर्स झाला, कार्ड हातात आलं, आणि आता स्वतःचं सामान घेऊन अंदमानला निघालीस. मालवणला जाताना सगळं डिकीत कोंबलं तरी निभावतं. मोपा विमानतळाच्या काउंटरवर निभावत नाही. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर चेक-इनला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो, एवढ्यातच भागवायचं. याद्या करण्यात तू हुशार, आणि त्या घरी विसरण्यात त्याहून हुशार. म्हणून ही यादी बॅगेच्या झाकणाला आतून चिकटव.

१. सिलिंडर आणि शिशाची वजनं नेऊ नको — तिथल्या प्रत्येक डाइव्ह सेंटरवर ती मिळतात. अ‍ॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामाच १४ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तुझं सगळं वजन त्यातच संपलं.

२. मास्क, रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत — मोठी बॅग मध्येच कुठे अडकली तरी हे तीन जवळ असले की दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरता येतं. माझी एक घरगुती म्हण आहे: नजर आणि श्वास आपला, बाकी भाड्याचा चालला.

३. रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेव, घडी घालू नको — नळी जिथे फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, जोडलेली असते तिथेच ती आधी चिरते. आणि फर्स्ट स्टेजची टोपी पुसून, कोरडी करूनच बसव. तिच्या आत राहिलेला एक थेंब खाली उतरला की आतल्या धातूला खातो.

४. रेग्युलेटर बॅगेत सगळ्यात वर, वेगळ्या कापडी पिशवीत — एक्स-रेत नळ्या दिसल्या की सिक्युरिटीवाले बॅग उघडायला सांगणारच. पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन आहे, यात हवा भरलेली नसते, एवढं हसून सांगायचं. ते त्यांचं काम करतात.

५. सुरी, कात्री, पाने मोठ्या बॅगेत, टोकं गुंडाळून — हातात राहिली तर तिथेच सोडून यावी लागतात.

६. बॅटऱ्यांचं नीट ऐक, कारण इथेच जास्त लोक अडकतात. लिथियमचे सुटे सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून — सेल तापून पेटला तर केबिनमध्ये विझवायला माणसं असतात, खाली सामानात कोणी नसतं. १०० वॉट-तासांपर्यंतचे सेल चालतात, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर-तास, भागिले हजार. तुझ्या टॉर्चचा सेल ३.७ व्होल्ट आणि ३,४०० चा, म्हणजे साडेबाराच्या आसपास. घाबरायचं कारण नाही.

७. टॉर्चमधला सेल काढूनच टॉर्च ठेव — पाण्याखालचा मोठा टॉर्च पाण्यानेच थंड राहतो, बॅगेत चुकून लागला तर कपडे जाळतो. अशा टॉर्चसाठी काही कंपन्या आधी कळवायला सांगतात, तेव्हा फोन करून विचार.

८. फिन बॅगेच्या दोन बाजूंना उभे लाव, मध्ये वेटसूट — बॅगेला दोन भिंती मिळतात आणि फिनही वाकत नाहीत. टाचेच्या खोबणीत मोजे भर.

९. मास्क कडक डबीतच — आणि त्याचं पारदर्शक सिलिकॉन काळ्या निओप्रीनला लागू देऊ नको, डाग पडतो तो जात नाही.

१०. एका छोट्या डबीत मास्कचा जादा पट्टा, ओ-रिंग, माउथपीस, झिप-टाय — दोन रुपयांच्या रिंगेपायी अख्खी डाइव्ह जाते. वेटसूटचा गोंद मात्र घरी ठेव. तो ज्वालाग्राही असतो, विमानात चालत नाही.

११. आई काजू, आंबापोळी आणि आगळाची बाटली देणारच, तिला नाही म्हणू नको. फक्त ते बांधून झाल्यावर बॅग काट्याला लाव — घरचा काटा बोलला की काउंटर गप्प. आणि आगळ वेटसूटजवळ नको, झाकण कितीही घट्ट असलं तरी.

आता परतीचं. जाताना सगळे सांभाळून जातात. सामान आणि माणूस, दोघांचे हाल येताना होतात.

१२. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेव — पाण्याखाली अंगात नायट्रोजन मुरतो, आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. आपलं महाबळेश्वरसुद्धा १,३५० मीटरच्या आसपासच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचं सांगणं असं की एकच साधी डाइव्ह असेल तर १२ तास, रोजच्या डाइव्ह असतील तर १८, आणि डीकम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. दुपारी बाराचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळी सहानंतर पाण्याखाली असू नये. पाण्याला दिवस द्यावा, जमिनीला रात.

१३. हाच नियम मालवणलाही लाव, तिथे विमान नसलं तरी. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठणारी मंडळी मी पाहतो आणि मला काळजी वाटते — आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि उड्डाणाचा हा सल्ला ६०० मीटरच्या जरा वरपासूनच लागू धरतात. रात्र मालवणात काढ, मासे खा, सकाळी घाट चढ.

१४. विमानाआधीचा तो रिकामा दिवस डाइव्हच्या स्वराज द्वीपहून विमानतळाच्या श्री विजयपुरमला येऊन काढ, आणि सेल्युलर जेल बघ — सावरकर तिथल्या कैदेनंतर पुढे १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते, तेव्हा ती जागा तुला परकी नाही. बोटीच्या वेळा हवेवर बदलतात, म्हणून विमानाच्या दिवशीच्या बोटीवर विसंबू नको.

१५. निघण्याआधी सगळं गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळव — ओला वेटसूट दोन-तीन किलो सहज वाढवतो. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या, आतलंही पाणी ते उलटं धरून काढ, ते बाहेरून दिसत नाही.

१६. प्रवाळाचा मेलेला तुकडाही बॅगेत नको — वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, आणि बरेच शंखही संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला होता म्हणून सुटका होत नाही.

१७. घरी आलीस की त्याच रात्री बॅग उघड — आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरते. विहिरीच्या पाण्याने पुन्हा एकदा सगळं धू, वेटसूट पडवीत रुंद हँगरला लाव, उन्हात नको. बीसीडीत थोडी हवा भरून टांग, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.