दुसऱ्याच्या हातातील दीनार



आपल्यापैकी पुष्कळजण रोज दापोडीहून भोसरी, पिंपरी, चाकणकडे कामाला जातात. एकाच लाइनवर एकजण कायम असतो, दुसरा कंत्राटी. कुणी बारा वर्षे राबून मागेच राहतो आणि काल आलेला पुढे जातो. मग घरी आल्यावर तोंडून निघते, "माझ्यावरच अन्याय का?"

मत्तयलिखित शुभवर्तमानात (२०:१-१६) प्रभू येशूने द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला सांगितला आहे. आपल्याकडचा मजूर अड्डा डोळ्यांसमोर आणा. मळ्याचा मालक पहाटे येतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. पाचपर्यंत उभे असलेले आळशी नव्हते. त्यांना कुणी कामच दिले नव्हते. दिवस संपल्यावर मालक सर्वांना एकेक दीनार देतो. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी.

पहाटे आलेले कुरकुर करू लागतात. खरे तर त्यांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळाली होती. सकाळी ज्या दीनारावर ते खूश होते, तो संध्याकाळी कमी कसा झाला? दीनार तेवढाच होता. नजर शेजाऱ्याच्या हातावर गेली होती. त्यांची तक्रारही नीट ऐका: तू यांना आमच्या बरोबरीला आणलेस! अहंकाराला नेमके हेच सोसत नाही.

एक गोष्ट ते विसरले. पहाटेच काम मिळाल्यामुळे आज घरी चूल पेटणार, हे त्यांना दिवसभर ठाऊक होते. पाचपर्यंत उभे असलेल्यांनी तो सारा दिवस काळजीत काढला होता. पहाटेचे बोलावणे हीच मोठी देणगी होती.

मात्र याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा नाही. या मालकाने कुणाचीही मजुरी बुडवली नव्हती. मजुराला सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, अशी अनुवादाच्या पुस्तकात (२४:१४-१५) आज्ञा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क ठामपणे मांडला.

म्हणून मनात कुरकुर उठली की स्वतःला विचारावे: माझा हक्क कुणी घेतला आहे, की दुसऱ्यावर कृपा झाली आहे? हक्क घेतला असेल तर तो मागावा, इतरांना सोबत घेऊन आणि मनात द्वेष न ठेवता. दुसऱ्यावर कृपा झाली असेल तर त्याच्याकडे जाऊन त्याचे अभिनंदन करावे. हे सोपे नाही. पण अहंकाराची गाठ तिथेच सुटते. रोज रात्री कुटुंबाच्या प्रार्थनेत, त्या दिवशी न मागता मिळालेली एक गोष्ट प्रत्येकाने नाव घेऊन सांगावी. मुलांनाही सांगू द्यावी.

'युखरिस्त' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. मिस्सामध्ये साठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या आजींना आणि यंदाच्या ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेल्या तरुणाला एकच प्रभू मिळतो. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. आज कम्युनियन घेऊन जागेवर परतताना, आपल्याला उशिरा आलेला वाटतो अशा एखाद्यासाठी प्रभूचे आभार मानू या.