हापसा, बोअर आणि इसहाकाच्या विहिरी

अभ्यासासाठी वाचा : उत्पत्ती 26:12-22



पाड्यावरच्या बायबल अभ्यासात हा भाग घेतला तेव्हा एका आजींनी मध्येच विचारले, "भांडण विहिरीचं व्हतं का पाण्याचं?" मला चटकन उत्तर देता आले नाही. आमचा हापसा तेव्हा पंधरा दिवस कोरडा होता.

हापशाशी मिशनचे नाते जुने आहे. 1960 च्या दशकात जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनने कातळ फोडणारे बोअरचे यंत्र मराठवाड्यात आणले, आणि तिथेच 'जालना पंप' तयार झाला. पुढे 'सोलापूर पंप', आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क 2'. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणे सुटले, तसा नारूही हटत गेला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

पण तेच यंत्र शेतीच्या बोअरलाही आले, मागोमाग सबमर्सिबल मोटर आली. हापसा मारणारा दमतो. मोटर दमत नाही. आपल्या काळ्या खडकात पाणी मुरमात आणि भेगांत साठते, तेही पावसाळ्यात मुरेल तेवढेच. खोल गेल्याने पाणी वाढतेच असे नाही. पुष्कळदा शेजाऱ्याच्या भेगेतलेच ओढले जाते. आज जगात सर्वांत जास्त भूजल भारत उपसतो. सौरपंपाला धूर नाही, हे चांगलेच. पण वीजबिलही नाही, म्हणून तो बंद करायची घाई कोणाला नसते.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात 1993 सालीच झाला. पाड्यावर हे कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

भांडण झाले तसा इसहाक पुढे सरकला, दुसरी विहीर खणली, शेवटी रहोबोथला त्याला जागा मिळाली. आमच्या पाड्याला सरकायला जागा नाही.

मागच्या अंकात आणखी खोल बोअर आणि सौरपंपासाठी मीच देणगी मागितली होती. ती मागणी मागे घेतो. त्याऐवजी हापशाच्या वरच्या उतारावर समतल चर आणि ओढ्यावर दगडी बांध घालावेत, असे पाड्याच्या बैठकीत ठरले आहे. अंगमेहनत पाड्याची, अवजारे आणि जेवणाचा खर्च आपला. काम पावसाआधी उरकायचे आहे. ज्यांनी बोअरसाठी रक्कम पाठवली, त्यांनी या बदलाला संमती आहे की नाही ते कृपया कळवावे.