संगणकातील मागे उरलेल्या ‘स्टार्टअप’ नोंदी : ओळख आणि निर्मूलन

कृषी विज्ञान केंद्रांतील आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांतील बहुतेक संगणक अनेक हातांखालून गेलेले असतात. कोणी प्रिंटरचे सॉफ्टवेअर टाकतो, कोणी सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याचे, कोणी ऑनलाइन बैठकीचे. पुढे उपकरण जाते, सॉफ्टवेअरही काढले जाते. परंतु संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत त्याची नोंद राहून जाते. संगणक सुरू करताच ‘फाइल सापडत नाही’ अशा आशयाची चौकट रोज दिसत असेल, तर तिचे मूळ बहुधा अशा नोंदीत असते.

पांढऱ्या माशीचे सर्वेक्षण करणाऱ्यांना हा प्रकार परिचित वाटेल. प्रौढ माशी उडून गेल्यावरही कोषाचे रिकामे कवच पानाच्या खालच्या बाजूस चिकटून राहते. ते जिवंत किडीत मोजले गेले, तर अकारण फवारणी होते. कवचावर रोमन ‘टी’ अक्षरासारखी चीर असल्यास तेथून माशी बाहेर पडलेली असते. गोल छिद्र असल्यास परोपजीवी मित्रकीटक. संगणकातही आधी निरीक्षण, मग उपाय हाच क्रम योग्य होय.

विंडोज १० व ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या यादीत स्तंभांच्या शीर्षकावर माउसचे उजवे बटण दाबून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ निवडावा. प्रत्येक नोंदीसमोर फाइलचा पूर्ण मार्ग दिसू लागतो. त्या मार्गावर फाइलच नसेल, तर नोंद रिकामी समजावी. काही वेळा नोंदीचे नाव नुसतेच ‘प्रोग्राम’ असते, चित्र कोरे असते आणि प्रकाशकाचा उल्लेख नसतो. हे पाहून अनेकांना व्हायरसची शंका येते. कारण मात्र साधे असते. ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. मार्ग अवतरणचिन्हांत लिहिलेला नसला आणि मूळ फाइल नाहीशी झालेली असली, म्हणजे विंडोज पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचाच भाग नाव म्हणून दाखवते.

टास्क मॅनेजरमधील ‘डिसेबल’ने नोंद निष्क्रिय होते, नष्ट होत नाही. ती समूळ काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन सर्वांत सोयीचे आहे. ज्यांची फाइल सापडत नाही अशा नोंदी ते पिवळ्या रंगात दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा आणि काम ‘लॉगऑन’ या विभागापुरतेच ठेवावे. ड्रायव्हर व सेवांच्या विभागांत जाणकाराविना हात घालू नये. प्रथम नोंदीपुढील खूण काढावी, दोन-तीन दिवस नेहमीचे काम करून पाहावे आणि मगच ती पुसावी.

साधनाविनाही हे काम होते. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘करंट युजर’ शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन अशा क्रमाने गेल्यास ‘रन’ ही कळ सापडते. ‘लोकल मशीन’ शाखेखालीही तशीच एक असते. पुसण्यापूर्वी ती कळ ‘एक्सपोर्ट’ करून जपून ठेवावी. कार्यालयीन संगणकावर ‘लोकल मशीन’मधील बदल सर्व वापरकर्त्यांना लागू होतात, म्हणून प्रशासकाची संमती आवश्यक आहे.

या साफसफाईने संगणक लक्षणीय वेगवान होईल, ही अपेक्षा मात्र फोल आहे. रिकाम्या नोंदीचा भार नगण्य असतो. वेग मंदावतो तो खरोखर चालू असलेल्या प्रोग्राममुळे. खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ‘रन-डीएलएल’ या शीर्षकाची त्रुटी-चौकट अनेकदा असे सुचवते की अँटिव्हायरसने घातक फाइल काढली, पण तिला बोलावणारी नोंद राहिली. अशा वेळी नोंद पुसून थांबू नये; संपूर्ण संगणक आणि गावोगाव फिरणारे पेनड्राइव्हही तपासावेत. शिवाय नोंदीतील मार्ग वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील असेल, तर त्याच नावाची दुसरी फाइल तेथे आल्यास विंडोज ती बिनदिक्कत चालवील. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. शेतकऱ्यांची नावे, बँक खाती आणि कीड-सर्वेक्षणाच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, तेथे असे बीळ उघडे राहणे परवडणारे नाही.

जाहिरातींतून मिळणारे ‘क्लीनर’ टाळलेले बरे. त्यांतील अनेक स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. अँटिव्हायरस, मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा प्रोग्राम यांच्या नोंदी नाव अनोळखी वाटले तरी पुसू नयेत; आधी मार्ग पाहावा. चुकून तशी नोंद गेली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर काम अडले, तर एक्सपोर्ट केलेल्या फाइलवर दोनदा क्लिक करून संमती दिल्यास ती पूर्ववत होते.